बीपी दोनशेच्या वर गेलंय: कॅज्युअल्टीतल्या पहिल्या तासात काय करायचं

सिस्टर केसपेपर हातात देतात. बीपीच्या रकान्यात २२०/१३० लिहून खाली दोन रेघा मारलेल्या असतात. सोबतचा मुलगा विचारतो, "डॉक्टर, मेंदूची शीर तर फुटणार नाही ना?" आणि नव्या डॉक्टरचा हात आपसूक इंजेक्शनच्या ट्रेकडे जातो. त्या वेळी काय करावं आणि काय करू नये, हे नुकतीच इमर्जन्सीची ड्युटी लागलेल्या इंटर्न, रेसिडेंट आणि नर्सिंगच्या मंडळींसाठी इथे लिहितो आहे. डोस प्रौढांचे आहेत. प्रत्यक्ष देताना आपल्या विभागाचा प्रोटोकॉल पाहा, वरिष्ठांना फोन करा. रात्रीचे तीन वाजले असले तरी करा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बीपीची इमर्जन्सी फक्त आकड्यावरून ठरत नाही. १८०/१२० च्या वरचं (गरोदरपणात १६०/११० पासूनचं) बीपी आणि त्यामुळे एखाद्या अवयवाला आत्ता, ताजी होत असलेली इजा, हे दोन्ही असेल तेव्हाच ती इमर्जन्सी. मेंदू, हृदय, महाधमनी, मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा हे ते अवयव. वर्षानुवर्षं बीपी असलेला माणूस २३०/१२० घेऊन गप्पा मारत बसलेला असू शकतो, आणि आठव्या महिन्याची गरोदर मुलगी १६५/११२ वर झटक्याच्या उंबरठ्यावर असू शकते. दोघांपैकी धावपळ कुणासाठी करायची, हे यंत्र सांगणार नाही. ते तुम्हाला शोधावं लागतं.

आधी आकडा खरा आहे का ते पाहा

ट्रायाजला, म्हणजे दारातल्या पहिल्या तपासणीत, घेतलेलं पहिलं बीपी घाईत घेतलेलं असतं. पेशंट जिना चढून आलेला असतो, बोलत असतो, हात लोंबकळत असतो, बाही वर सरकवून दंडाला आवळलेली असते. त्याला टेकून बसवा, पाय जमिनीला टेकवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि शक्य असेल तर पाच मिनिटं शांत बसू द्या. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दंडाच्या मापाचा हवा. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाभोवती यायला हवी. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी उगाच वाढलेलं दिसतं, आणि हे रोज घडतं. मोठा कफ कुठे ठेवलाय हे ड्युटी सुरू होतानाच विचारून ठेवा.

दोन्ही हातांत मोजा. दोन हातांत २० पेक्षा जास्त फरक असेल आणि छातीत किंवा पाठीत दुखत असेल, तर महाधमनी चिरली असण्याची शंका लगेच मनात आली पाहिजे.

मग बीपी वाढवणारं दुसरं काही समोर आहे का ते बघा. वेदना, धाप, भीती, दारू सुटल्यावरची थरथर, तुंबलेली लघवी. एका आजोबांना २१४/११६ म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं. ते कॉटवर एका कुशीवर टिकत नव्हते आणि प्रश्नाचं उत्तर देताना ओटीपोट हातानं दाबून धरत होते. चादर बाजूला केली तर बेंबीपर्यंत फुगा. कॅथेटर घातला, ९०० मिलि लघवी निघाली, आणि वीस मिनिटांनी बीपी १५८/९० होतं. त्यांना बीपीचा एक थेंबही औषध लागलं नाही. इंजेक्शन दिलं असतं तर कॅथेटरनंतर ते कुठवर घसरले असते, याचा विचार करा.

मग इजा शोधा

हिस्टरी आणि तपासणी एकदमच चालू ठेवायची. पेशंट आपल्या शब्दांत सांगतो, त्यातून अवयव ओळखायचा असतो. "आडवं पडलं की दम लागतो, रात्र बसून काढली": फुफ्फुसात पाणी. "छातीतून कळ निघाली ती पाठीत फाडत गेली": महाधमनी. "डोळ्यांसमोर धुरकट झालंय, सारखी उलटी होतेय", आणि नातेवाईक म्हणतात की सकाळपासून असंबद्ध बोलतोय: मेंदूला सूज. चेहरा वाकडा, हातपाय लुळा, बोलणं बोबडं: पक्षाघात. पक्षाघातासारखं काहीही दिसलं तर बीपीच्या औषधाआधी बोटावर सुई टोचून साखर बघा. साखर उतरल्यानंही हुबेहूब तसंच दिसतं.

नुसतं डोकं दुखणं, नुसती चक्कर किंवा नाकातून आलेलं रक्त, एवढ्यावरून इमर्जन्सी म्हणू नका. पण ते झटकूनही टाकू नका. डोकेदुखी अचानक, आयुष्यातली सगळ्यात जोराची असेल, मान आखडली असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर लगेच सीटी स्कॅन.

तपासणीत शुद्ध, बुबुळं, चारही हातपायांची ताकद, चारही ठिकाणच्या नाड्या, छातीतले बुडबुड्यांचे आवाज, हृदयाचा नवा मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) आणि पायांची सूज पाहा. आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी टाळू नका. ऑप्थाल्मोस्कोप ड्रॉवरमध्ये पडून असतो, चार्जिंग नसतं, म्हणून ती राहून जाते. ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव, कापसाच्या पुंजक्यांसारखे डाग, सुजलेली नेत्रचकती (ऑप्टिक डिस्क), यातलं काही दिसलं तर दुसरी तक्रार नसलेला पेशंटही घरी जात नाही.

तपासण्या: ईसीजी, ट्रोपोनिन, क्रिएटिनिन आणि इलेक्ट्रोलाइट्स, हिमोग्राम, लघवीत प्रथिनं आणि रक्तपेशी, छातीचा एक्स-रे. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची प्रेग्नन्सी टेस्ट. मूत्रपिंड बिघडलंय असं वाटलं तर रक्ताच्या स्मिअरमध्ये तुटक्या लाल पेशी शोधायला सांगा. सीटी लक्षणांनुसार, सरसकट नाही.

इजा नसेल तर

हा प्रकार सगळ्यात जास्त वेळा भेटतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. म्हणून इथे थोडा थांबतो.

बीपीचा धाक उगाच बसलेला नाही. १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा त्यांचं बीपी ३००/१९० नोंदवलं गेलं होतं. त्यांचं बीपी वाढलेलं आहे हे डॉक्टरांना वर्षभर आधीच माहीत होतं, पण ते नीट उतरवणारं औषधच त्या काळी हाताशी नव्हतं. आज कपाट औषधांनी भरलेलं आहे, आणि त्यामुळे धोका दुसऱ्या बाजूनंही येतो. आपण बीपी फार झपाट्यानं पाडू शकतो.

माझी ड्युटी लागून महिना झाला असेल. साठीच्या एक बाई गुडघा दाखवायला आल्या होत्या. बीपी २१०/११४, बाकी तक्रार काही नाही. आजूबाजूला सगळे तेच करत होते म्हणून मीही निफेडिपिनची कॅप्सूल टोचून त्यांच्या जिभेखाली दिली. अर्ध्या तासात बीपी ११०/६०. मला समाधान वाटलं. तेवढ्यात त्यांच्या उजव्या हातातली रिपोर्टांची पिशवी खाली गळून पडली, आणि ती उचलायला त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा उचलतच नव्हता. पुढे त्या हाताला जोर आला, पण पहिल्यासारखा नाही. तेव्हापासून लक्षणं नसलेल्या माणसाचं बीपी मी कधीही घाईनं उतरवलेलं नाही.

असं का होतं? मेंदू आपल्याकडे येणाऱ्या रक्ताचा पुरवठा स्वतः सांभाळतो. दाब वाढला की त्याच्या वाहिन्या आकसतात, कमी झाला की सैलावतात. निरोगी माणसात सरासरी दाब (तो कसा काढायचा ते पुढे आहे) साधारण ६० ते १५० असेपर्यंत हे जमतं. वर्षानुवर्षं बीपी असलेल्याच्या वाहिन्या जाड झालेल्या असतात आणि ही सगळी पट्टीच वर सरकलेली असते. तुमच्या-माझ्यासाठी जे बीपी नॉर्मल, त्यावर त्याच्या मेंदूला रक्त अपुरं पडतं. हृदय आणि मूत्रपिंडाचंही थोड्याफार फरकानं तेच. जिभेखालच्या निफेडिपिननं पक्षाघात आणि हार्ट अटॅक झाल्याच्या नोंदी होत्या, आणि १९९६ सालीच वैद्यकीय नियतकालिकांतून ही पद्धत थांबवण्याची उघड मागणी झाली होती. तरी ती कुठे दिसली, तर नम्रपणे पण ठामपणे नको म्हणा.

मग इजा नसलेल्याचं काय करायचं? शांत खोलीत अर्धा तास बसवा, वेदना असेल तर वेदनेचं औषध द्या, पुन्हा मोजा. बऱ्याच जणांचं बीपी एवढ्यानंच खाली येतं. गोळ्या सुटल्या असतील तर त्याच गोळ्या परत सुरू करा. कधीच औषध घेतलं नसेल तर तोंडी, लांब पल्ल्याचं औषध सुरू करून काही दिवसांत ओपीडीला बोलवा. बीपी दिवसांत आणि आठवड्यांत उतरू द्यायचं, तुमच्या ड्युटीच्या तासांत नाही. "नॉर्मल झाल्याशिवाय घरी नको" असं नातेवाईक म्हणतील. त्यांच्याजवळ दोन मिनिटं बसून सांगा की एकदम उतरवण्यातच धोका आहे. शांतपणे सांगितलं की पटतं.

पूर्वी या गटाला 'हायपरटेन्सिव्ह अर्जन्सी' म्हणत. आता हा शब्द मागे पडतोय, आणि ते योग्यच आहे. त्या नावामुळेच हात ट्रेकडे जात होता.

इजा असेल तर: किती उतरवायचं, किती वेळात

पेशंट मॉनिटरवर, दोन शिरा धरलेल्या, आयसीयूला कळवलेलं. शक्य असेल तिथे धमनीतली लाइन, म्हणजे बीपी सतत दाखवणारी नळी. ती नसेल तर दर पाच मिनिटांनी कफचं बीपी, आणि कफ ड्रिप नसलेल्या हातावर. नाहीतर प्रत्येक वेळी कफ फुगला की औषध अडतं आणि सैल झाला की एकदम आत जातं.

सर्वसाधारण नियम असा: पहिल्या तासात सरासरी दाब २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नका. पुढच्या २ ते ६ तासांत १६०/१०० च्या आसपास, आणि नॉर्मल व्हायला २४ ते ४८ तास. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोघांतल्या फरकाचा एक तृतीयांश. आपल्या २२०/१३० च्या पेशंटचं गणित करू. फरक ९०, त्याचा तिसरा भाग ३०, म्हणून सरासरी १६०. त्याचे २५ टक्के ४०, म्हणजे १२० च्या खाली जायचं नाही. १६०/१०० ची सरासरी तेवढीच येते. पहिल्या तासात याच्याही खाली गेलात तर हात आखडता घ्या. हे लक्ष्य केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सिस्टरांना तोंडी सांगा: "यापेक्षा कमी झालं तर ड्रिप बंद करून मला हाक मारा."

या नियमाला अपवाद आहेत आणि ते अवयवानुसार बदलतात.

महाधमनी चिरली असेल तर घाई करायचीच. पहिल्या तासाच्या आत, जमलं तर वीस मिनिटांत, वरचा आकडा १२० च्या खाली आणि नाडी ६० च्या खाली. क्रम महत्त्वाचा: आधी वेदनेसाठी मॉर्फिन किंवा फेंटानिल, मग नाडी मंद करणारं एस्मोलॉल किंवा लॅबेटॉलॉल, आणि त्यानंतर गरज पडली तरच वाहिन्या सैलावणारं औषध. उलट केलंत तर नाडी उसळते आणि प्रत्येक ठोक्यागणिक चीर वाढते. सर्जनला फोन पहिल्या दहा मिनिटांत गेला पाहिजे.

मेंदूचा पक्षाघात असेल तर सीटी होईपर्यंत हात रोखा. गुठळीचा असेल तर वाढलेलं बीपी हीच त्या उपाशी भागाची शिदोरी असते. गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत हात लावायचा नाही. त्याच्या वर असेल तर पहिल्या २४ तासांत साधारण १५ टक्के पुरे. ते औषध द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली. रक्तस्राव असेल तर हिशेब वेगळा: वरचा आकडा १५० ते २२० मध्ये असेल तर १४० च्या आसपास आणायचा, १३० च्या खाली न्यायचा नाही. हे लवकर आणि चढ-उतार न होता व्हायला हवं. झोके खाणारं बीपी मेंदूला मानवत नाही.

फुफ्फुसात पाणी भरलेला पेशंट एकदा पाहिला की विसरत नाही. घामानं भिजलेला, कॉटच्या कडा पकडून बसलेला, एकेक शब्द तोडत बोलणारा. त्याला आडवं करू नका, अगदी ईसीजीसाठीही नाही. बायपॅप किंवा सीपॅपचा (दाबानं हवा देणारा) मास्क लावा आणि नायट्रोग्लिसरीनची ड्रिप १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिनिटानं सुरू करून दर काही मिनिटांनी धीटपणे वाढवत न्या. फ्रुसेमाइड ४० मिग्रॅ शिरेतून, पण सुरुवातीचा आराम नायट्रोग्लिसरीन आणि मास्कनंच मिळतो. नायट्रोग्लिसरीन देण्याआधी एक प्रश्न विचारायचाच, लाज न बाळगता: सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत (ही लैंगिक ताकदीची औषधं) घेतलंय का? घेतलं असेल तर नायट्रोग्लिसरीन नाही. हार्ट अटॅकमध्येही नायट्रोग्लिसरीनच. मात्र हृदयाच्या उजव्या कप्प्याचा अटॅक असेल तर नाही.

गरोदर आणि बाळंतिणीचं सगळंच निराळं. तिच्यासाठी १६०/११० हीच धोक्याची रेषा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून तेवढंच असेल तर ३० ते ६० मिनिटांच्या आत औषध सुरू झालं पाहिजे. लॅबेटॉलॉल शिरेतून २० मिग्रॅ, दहा मिनिटांनी ४०, मग ८०. किंवा हायड्रालाझिन ५ ते १० मिग्रॅ. किंवा निफेडिपिन १० मिग्रॅ गिळायला, जिभेखाली कधीही नाही. लक्ष्य वरचा आकडा १४० ते १५०, खालचा ९० ते १००. त्याहून खाली गेलं तर बाळाला रक्त कमी पडतं. झटका आला असेल किंवा येण्याची लक्षणं असतील तर मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू, मग तासाला १ ग्रॅम. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास आणि लघवी पाहत राहा. पाय उडेनासा झाला की मॅग्नेशियम थांबवा. श्वास मंदावला तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, आणि ते कॉटजवळ आधीच काढून ठेवलेलं असावं. हा धोका बाळंतपणानंतर सहा आठवडे राहतो. दहा दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन "डोकं दुखतंय, झोप होत नाही ना" म्हणणाऱ्या आईचं बीपी न मोजता तिला डोकेदुखीची गोळी देऊन पाठवू नका. प्रसूतितज्ज्ञांना बोलवा.

कोकेन किंवा अँफेटॅमिनसारख्या उत्तेजक पदार्थामुळे वाढलं असेल तर पहिलं औषध लोराझेपाम किंवा डायझेपाम. नुसता बीटा-ब्लॉकर देऊ नका. अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीचा संशय असेल, म्हणजे झटक्या-झटक्यानं घाम, धडधड आणि डोकेदुखी, तर आधी फेंटोलामिन.

औषधं हाताळताना

दोन औषधं नीट शिकलात तरी बहुतेक रात्री निभावतात.

लॅबेटॉलॉल: २० मिग्रॅ दोन मिनिटांत हळू, दर दहा मिनिटांनी २० ते ८०, एकूण ३०० पर्यंत. किंवा ड्रिप ०.५ ते २ मिग्रॅ प्रति मिनिट. दमा, मंद नाडी, हार्ट ब्लॉक किंवा फुफ्फुसात पाणी असेल तर नको. निकार्डिपिन: तासाला ५ मिग्रॅ, दर ५ ते १५ मिनिटांनी २.५ नं वाढवत, कमाल १५. मेंदूच्या पेशंटला हे चांगलं. नायट्रोप्रुसाइड झपाट्यानं काम करतं, पण सायनाइड साचतं आणि बाटली उजेडापासून झाकावी लागते. वरिष्ठ शेजारी असल्याशिवाय ते वापरू नका.

ड्रिप पंपावरच चालवा, थेंब मोजून नाही. वेगळ्या शिरेतून द्या. डोस वाढवल्यावर औषधाला काम करायला वेळ द्या, नाहीतर दोन वाढींचा परिणाम एकत्र येतो आणि बीपी कोसळतं. कोसळलंच तर ड्रिप बंद, पाय वर, फुफ्फुस कोरडं असेल तर सलाईन. मग पुन्हा पहिल्यापासून हातपाय, बोलणं, ईसीजी तपासा.

पेशंट आयसीयूत गेल्यावर, किंवा घरी जाताना

बीपी काही तास स्थिर राहिलं की तोंडी औषध सुरू करून ड्रिप हळूहळू उतरवतात. दरम्यान कारण शोधा: वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड, सर्दीची औषधं, अचानक बंद केलेलं क्लोनिडीन (बीपीचंच औषध), मूत्रपिंडाचा आजार, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. वय कमी आणि बीपी फार जास्त असेल तर मूत्रपिंडाच्या धमन्या आणि ग्रंथींची तपासणी लिहून द्या.

सगळ्यात जास्त वेळा मात्र कारण एकच निघतं, गोळ्या बंद केल्या. का, हे न रागावता विचारा. "बीपी नॉर्मल आलं म्हणून डॉक्टर" हे उत्तर मी किती वेळा ऐकलंय, मोजलेलं नाही. त्या माणसाला समोर बसवून सांगा की नॉर्मल आलं ते गोळीमुळेच आलं होतं. गोळीचं नाव, वेळ आणि ओपीडीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि निघण्याआधी त्याच्याकडून एकदा वाचून घ्या.